कामाचा अर्थ कामात किती आणि कामाबाहेर किती

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातील एका सहकारी साखर कारखान्यात ऊसबिल विभागात क्लार्क आहे. वय ४४. बी.कॉम. झाल्यावर वडिलांच्या ओळखीने चिकटलो, तो आजतागायत तेथेच आहे. वजनकाट्याच्या पावत्या जुळवणे, टनेज भरणे, कपाती टाकणे आणि बँकेच्या याद्या काढणे, हेच काम हंगामामागून हंगाम चालू आहे. उद्या मी नसलो तर माझ्या खुर्चीत कोणीही बसेल आणि कोणाचे काही अडणार नाही, असा विचार अलीकडे पाठ सोडत नाही. मध्यंतरी मोबाइलवर एक जपानी म्हणून फिरणारे चित्र आले. त्यात चार वर्तुळे होती : जे आवडते, जे जमते, ज्याची जगाला गरज आहे आणि ज्याचे पैसे मिळतात. ती चारही जिथे एकत्र येतात तिथे जगण्याचा हेतू असतो म्हणे. माझी दोन वर्तुळेसुद्धा जुळत नाहीत. मला पखवाजाची आवड आहे आणि गावच्या भजनी मंडळात मी वाजवतो, पण त्यावर घर चालणार नाही. मुलगी बारावीत आहे, आईचे औषधपाणी चालू आहे. नोकरी सोडून काही अर्थपूर्ण काम शोधावे का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आपण आत्ता नोकरी सोडू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. मुलीचे शिक्षण आणि आईचे आजारपण ही कारणे मोठी आहेतच, पण माझे म्हणणे केवळ त्यांवर उभे नाही. जो अर्थ आपण नोकरीबाहेर शोधायला निघाला आहात, त्यातला बराचसा आपल्या टेबलावर आहे आणि उरलेला आपल्या पखवाजात आहे, असे आपले पत्र वाचून मला वाटते.

त्या चित्राचे ओझे प्रथम उतरवू या. ती आकृती जपानी परंपरेतून आलेली नाही. स्पेनमधील एका लेखकाच्या आकृतीच्या मध्यभागी एका इंग्रज लेखकाने २०१४ च्या सुमारास ‘इकिगाई’ (जगण्याचे कारण) हा जपानी शब्द बसवला आणि ती जगभर पसरली. जपानमधली साधी माणसे जगण्याचे कारण विचारल्यावर नातवंडे, परसबाग, जुनी मैत्री असे काहीही सांगतात, आणि त्यात पैशाचा संबंध असलाच पाहिजे असे कोणी मानत नाही. आवड, कसब, उपयोग आणि पगार हे सारे एकाच ठिकाणी मिळणे हे थोड्यांच्या वाट्याला येते. ज्यांना ते मिळत नाही त्यांचे आयुष्य हेतुशून्य असते, हा त्या चित्रातून निघणारा निष्कर्ष मला अन्यायकारक वाटतो.

आता आपल्या टेबलाकडे येऊ. आपल्या भागातला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. म्हणजे एकरभर रानाचा धनी जेव्हा आपल्यासमोर उभा राहून बिलाची पावती उलगडतो, तेव्हा त्या कागदावर त्याच्या घराचे दीड वर्ष असते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांच्या आत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि त्यापुढे विलंब झाला तर वार्षिक पंधरा टक्के व्याज देय होते. हे आपल्याला पाठ असेल. त्या शेतकऱ्याला बहुधा ते ठाऊक नसते. त्याच्या पावतीवर टनेज असते, तोडणी-वाहतूक असते, सोसायटीची वसुली असते, आणि शेवटी जी रक्कम राहते ती त्याने मनाशी धरलेल्या रकमेपेक्षा कमी असते. ती का कमी आहे, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगणारा माणूस खिडकीच्या आत आहे की नाही, यावर तो घरी कोणत्या मनाने जाणार हे ठरते. नवरा गेलेल्या बाईच्या सभासदत्वाची वारसनोंद अडली असेल, तर कोणता कागद कोठून आणायचा आणि कोणाच्या सहीने काम पुढे सरकेल, हे तिला एका फेरीत सांगता येते आणि पाच फेऱ्या मारायलाही लावता येतात. दोन्ही प्रकारांत क्लार्कचा पगार तोच राहतो.

आपल्या खुर्चीत उद्या दुसरा कोणीही बसेल, हे खरे आहे. पण तो बिल समजावून सांगेल की पावती खिडकीबाहेर सरकवून मान खाली घालील, हे त्या खुर्चीवर ठरत नाही, आणि संगणकावर तर नाहीच.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एमी रेझनेस्की यांनी १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्याला जवळचा वाटेल. माणसे आपल्या कामाकडे तीन प्रकारे पाहतात, असे त्यांनी मांडले : पोटापाण्याची नोकरी, वर चढण्याची शिडी, किंवा ज्यासाठी आपण आहोत असे वाटणारे काम. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, एकाच हुद्द्यावरच्या, जवळजवळ सारखेच काम करणाऱ्या कार्यालयीन साहाय्यकांमध्येही या तिन्ही प्रकारची माणसे साधारण सारख्याच प्रमाणात आढळली. त्यांनी पुढे रुग्णालयांतील सफाई कामगारांशी बोलून पाहिले. काही जण नेमून दिलेली खोली पुसून निघून जात. काही जण त्याच पगारात रुग्णाशी दोन शब्द बोलत, घाबरलेल्या नातेवाइकांना वाट दाखवत, आणि आपण रुग्ण बरे होण्याच्या कामात आहोत असे मानत. काम कागदोपत्री तेच होते, पण त्याची कड त्यांनी स्वतः थोडी सरकवली होती.

आपणही अशी कड सरकवून पाहावी. पंधरवड्याची बिले जमा झाली की पुढच्या दिवशी ठरावीक अर्धा तास फक्त शंका विचारणाऱ्यांसाठी ठेवता येईल का, हे वरिष्ठांना विचारून पाहा. नवीन लागलेल्या मुलाला कपातीचे कोष्टक शिकवण्याचे काम मागून घ्या. याने जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटेल असे मी म्हणत नाही. मात्र आपले आकडे कोणाच्या घरी जाऊन पोहोचतात हे दिसू लागले, की ‘कोणाचे काही अडणार नाही’ हा विचार पूर्वीइतका खरा वाटणार नाही.

यात एक सावधगिरी हवी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयीच्या अभ्यासात असे दिसले होते की, ज्यांना आपले काम म्हणजे आपले जीवितकार्य वाटते, ते कमी पगार आणि गैरसोय अधिक सहज सोसतात आणि त्यांची पिळवणूक करणे व्यवस्थापनाला सोपे जाते. म्हणून कामात जीव ओतताना थकलेला पगार, बुडालेली रजा आणि बढतीचा हक्क यांवर पाणी सोडू नका. कामावर प्रेम करणारा माणूस आपला हिशेबही चोख मागू शकतो.

पखवाजाबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते की, त्याला कमाईच्या वर्तुळात ओढू नका. मिरजेत सतार आणि तानपुरे बनवणाऱ्यांचे काम पाहिले तर हे लवकर पटते. त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या कामाला अर्थपूर्ण न म्हणणारा माणूस सापडणार नाही. पण त्या कारागिरांच्याही दिवसाचा मोठा भाग वाळलेला भोपळा साफ करण्यात, लाकूड तासण्यात, पॉलिश करण्यात आणि ठरलेल्या तारखेला माल देण्याच्या काळजीत जातो. आवडीचा धंदा केला तर धंद्याचे सगळे कष्ट त्यात येतात. आपला पखवाज सध्या कोणाचे देणे लागत नाही. गावातली दोन-चार मुले आठवड्यातून एका संध्याकाळी जवळ घेऊन बसा आणि त्यांचा हात बसवून द्या. ज्या गोष्टीचे पैसे मिळत नाहीत तीही आयुष्याचा मुख्य आधार असू शकते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती असतेच.

सोडूनच काही मोठे करायचे, असे मनात आले तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण पाहावे. रयत शिक्षण संस्थेच्या आधी ते ओगले काच कारखान्याच्या मालासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी विक्रीचे काम करत होते. त्या कामाने त्यांना खेडोपाडी नेले, आणि ज्या रयतेची मुले शाळेपासून दूर होती ती त्यांना जवळून दिसली. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. एका विक्रेत्याच्या फिरतीतून हे उभे राहिले, याला मी योगायोग मानत नाही. आपल्या नोकरीतूनही आपल्याला काही तरी असे दिसत असेल, जे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. पुढची दिशा मिळाली तर ती तेथूनच मिळण्याचा संभव जास्त आहे.

प्रश्न : सातारा आगारातून एसटीचा चालक म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झालो. पहिल्या गाडीच्या सवयीने अजून पहाटे चारला जाग येते आणि मग करायचे काय, हे सुचत नाही. मुलगा-सून कामाला जातात. मी पोवई नाक्यावर जाऊन बसतो. खाकी उतरली आणि मी कोणाच्याच उपयोगाचा उरलो नाही, असे वाटते. गाव कोरेगाव तालुक्यात आहे, थोडे रान आहे, ते भावाच्या मुलांकडे असते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, आपल्या पत्रातला ‘उपयोग’ हा शब्द मी फार गंभीरपणे घेतला आहे. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी १९३० च्या दशकातील मंदीत बेकार तरुणांवर उपचार करताना पाहिले, की काम नसणे म्हणजे निरुपयोगी असणे आणि निरुपयोगी असणे म्हणजे जगण्याला अर्थ नसणे, असे ही मुले धरून चालली आहेत. त्यांनी त्यांना युवक संघटना, प्रौढशिक्षण, वाचनालये अशा ठिकाणी बिनपगारी काम घ्यायला लावले. मुलांची पोटे पूर्वीइतकीच रिकामी राहिली, तरीही त्यांची उदासी ओसरली. आपल्याला निवृत्तीनंतर पैशापेक्षा हीच उणीव जास्त भासत असावी. थांब्यावर कोणीतरी आपल्या गाडीची वाट पाहत असे. ते वाट पाहणे आता नाही.

म्हणून वेळ घालवण्याचे साधन शोधू नका. जेथे आपण गेलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल, असे काम शोधा. दोन कामे मला सुचतात. जिल्हा रुग्णालयात जावळी आणि पाटणच्या खोऱ्यांतून येणाऱ्या पुष्कळ वृद्ध रुग्णांना केसपेपर कोठे काढायचा, कोणत्या मजल्यावर जायचे, परतीची गाडी किती वाजता आहे, यातले काहीच ठाऊक नसते. हे सारे रस्ते आणि वेळा ज्याला तोंडपाठ आहेत असा माणूस तेथे आठवड्यातून दोन सकाळी उभा राहिला, तर त्याचे मोल मोठे आहे. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटून परवानगी घ्यावी.

दुसरे काम आपल्या गावाकडचे आहे. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत आपल्याच तालुक्यातील वेळू गाव राज्यात पहिले आले, ते गावकऱ्यांच्या श्रमदानामुळे. त्या काळात गावोगाव पाणी अडवण्यासाठी उतारावर आडवे खोदलेले समपातळी चर दर पावसाळ्यानंतर गाळाने भरतात आणि ते उन्हाळ्यात मोकळे करावे लागतात. स्पर्धेचा उत्साह संपल्यावर या कामाला माणसे मिळत नाहीत. पहाटे चारला उठणाऱ्याला उन्हाच्या आधीचे दोन तास हाताशी असतात. पुतण्यांना आणि ग्रामपंचायतीला विचारून एखाद्या चराची जबाबदारी आपल्या नावाने घ्या.

झोप तुटणे, जेवणावरची वासना जाणे आणि कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालू असेल, तर ते केवळ रिकामपण नसून नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर औषधोपचार आहेत. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, विनामूल्य आणि कोणत्याही वेळी बोलता येते. ही चौकशी आधी करावी आणि काम सुरू करताना वार ठरवून घ्यावेत. मंगळवार आणि शुक्रवार रुग्णालयाचे ठरले, तर घरातली किरकोळ कामे त्या दिवशी घ्यायची नाहीत, हे सूनबाईंनाही आत्ताच सांगून ठेवावे.