ऐरोलीत राहणारी, पोहण्यात तरबेज मुलगी व्यावसायिक सर्फर होऊ शकेल का?

होईल की, पण ऐरोलीत राहून नाही. आपल्या खाडीत चिखल आणि भरती-ओहोटी. फुटणारी लाट नाहीच. सुट्टीत ठाण्याहून मत्स्यगंधा एक्स्प्रेस पकडा, मंगळुरूजवळ मुल्कीला शिकवतात. आधी बोर्डवर पालथं पडून हातांनी वल्हवायचं, त्यातच खांदे भरून येतात.

स्पर्धेत प्रत्येक लाटेला 10 पैकी गुण, त्यातल्या सर्वोत्तम दोनच धरतात. त्यामुळे कुठली लाट सोडायची हेही कळावं लागतं. नुसत्या बक्षिसांवर घर चालणं कठीण. प्रायोजक शोधा, नाहीतर शिकवण्या. (दहावी सोडू नका हो!)

बाकी 11 वेळा जगज्जेता झालेला केली स्लेटरसुद्धा फ्लोरिडातल्या बेताच्या लाटांवरच शिकला. 2022 मध्ये पन्नाशीला आठवडाही उरला नसताना त्याने हवाईतल्या पाइपलाइन नावाच्या प्रसिद्ध लाटेवरची स्पर्धा मारली.