जळगावात गाडी उघड्यावरच असते. ऊन-पाऊस दोन्ही सोसेल असं कव्हर कोणतं घ्यावं?

जाड, तीन पदरी, आतून मऊ अस्तर असलेलं आणि हवा खेळती ठेवणारं कव्हर घ्या. पातळ चंदेरी कापडाचं नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. माझी गाडी भुसावळला अंगणात असते, त्या उन्हात पातळ कव्हराचा चंदेरी थर पिठासारखा बोटांना लागायला लागला आणि पहिल्याच पावसात पाणी आत झिरपलं. निव्वळ प्लास्टिकचं कव्हर पाणी अडवतं, पण आतली वाफ कोंडून पत्र्याला घाम सुटतो. दुकानातच उलगडून बघा: शिवणींवर आतून पट्टी आणि गाडीखालून बांधायचा पट्टा हवाच, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात कव्हर फडफडून रंगावर घासतं. मात्र धूळ बसलेल्या गाडीवर कितीही चांगलं कव्हर ओढलं तरी ओरखडे पडतात.