विकसनशील देशांपुढील सामाजिक, आरोग्यविषयक आणि पर्यावरणीय आव्हाने कोणती आणि आधी कशाला हात घालावा?

विकसनशील देशांपुढील सामाजिक, आरोग्यविषयक आणि पर्यावरणीय आव्हाने कोणती, त्यांपैकी कोणते आधी हाताळावे, आणि या सगळ्याच्या मुळाशी वाढती लोकसंख्याच नाही का, असे आपण विचारले आहे. सार्वजनिक आरोग्य हा माझ्या अध्यापनाचा विषय असल्यामुळे हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात माझ्यासमोर येतच असतो, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर तीन रकान्यांच्या तक्त्यात अपेक्षित असते: एकात गरिबी व निरक्षरता, दुसऱ्यात कुपोषण व साथीचे रोग, तिसऱ्यात प्रदूषण व जंगलतोड. परीक्षेत अशा तक्त्याला गुण मिळतात आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र यातला कोणताही मोठा प्रश्न एका रकान्यात मावत नाही, आणि बळेच मावला असे धरून उपाय योजला की तो उपायच शेजारच्या रकान्यात नवे दुखणे उभे करतो. म्हणून यादी देण्याऐवजी एक उदाहरण जरा विस्ताराने मांडतो.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बांगलादेशातील ग्रामीण जनता प्रामुख्याने तळी, नद्या आणि उघड्या विहिरी यांचे पाणी पीत असे. त्या पाण्यात मैला मिसळे, पटकी आणि अतिसार यांनी दर वर्षी असंख्य लहान मुले दगावत. यावर सरकारने युनिसेफच्या साहाय्याने हातपंप बसवलेल्या उथळ कूपनलिका खोदण्याचा कार्यक्रम हाती घेतला. जमिनीखालचे पाणी मातीच्या थरांतून गाळले गेलेले असल्याने ते जंतुरहित असते हा विचार बरोबरच होता. पंप स्वस्त होता, तो बसवणारे कारागीर गावोगावी तयार झाले, आणि पुढे सरकारी पंपांपेक्षा लोकांनी स्वखर्चाने बसवलेल्या पंपांची संख्या कितीतरी जास्त झाली. विकासकार्याचे इतके यशस्वी उदाहरण क्वचितच सापडेल, असे त्या काळी म्हटले जात असे आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

या पाण्याची जंतूंसाठी तपासणी होत होती. आर्सेनिक या विषारी मूलद्रव्यासाठी होत नव्हती, कारण तशी तपासणी करण्याची रीतच तेव्हा नव्हती. हिमालयातून वाहून आलेल्या गाळातील लोहाच्या संयुगांना आर्सेनिक चिकटलेले असते. त्याच गाळात गाडला गेलेला पालापाचोळा कुजताना तेथील प्राणवायू संपतो, सूक्ष्मजीव लोहाची संयुगे विरघळवतात आणि मोकळे झालेले आर्सेनिक पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही; उलट पाण्याची वाफ झाल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी आर्सेनिकची बाधा झालेले रुग्ण ओळखले होते. सीमेपलीकडे, बांगलादेशातील चापाई नवाबगंज जिल्ह्यातील विहिरींत आर्सेनिक असल्याचे १९९३ मध्ये आढळले, आणि प्रश्नाचा आवाका ध्यानात येईपर्यंत ते दशक सरत आले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात अॅलन स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज मांडला आणि या घटनेची गणना इतिहासातील सर्वांत मोठ्या सामूहिक विषबाधेत केली.

आता हा प्रश्न कोणत्या रकान्यात घालायचा? विष भूगर्भातले, म्हणून पर्यावरणाचा म्हणावा, तर त्याचे परिणाम शरीरावर दिसतात: आधी छातीवर काळेपांढरे ठिपके, मग तळहात व तळपाय यांवर खिळ्यांसारखे टणक उंचवटे, आणि बऱ्याच वर्षांनी त्वचा, फुप्फुस किंवा मूत्राशय यांचा कर्करोग. आरोग्याचा म्हणावा, तर रुग्णाला सर्वाधिक त्रास समाजाकडून होतो. हे डाग संसर्गजन्य आहेत अशा समजुतीने मुलींची लग्ने मोडली, बायकांना माहेरी धाडण्यात आले, मुलांना इतरांपासून दूर ठेवण्यात आले. पुढील काही वर्षांत सुमारे ५० लाख पंपांची तपासणी होऊन त्यांच्या तोटीला रंग देण्यात आले, सुरक्षित पंपाला हिरवा आणि दूषित पंपाला लाल. या भागात दोन पंपांमध्ये अवघे काही मीटर अंतर असले तरी एकाचे पाणी चांगले आणि दुसऱ्याचे विषारी असू शकते. म्हणजे उपाय पुष्कळदा शेजारच्या अंगणातच होता. पण शेजाऱ्याच्या अंगणातून रोज पाणी आणणे हे शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि पाणी आणायचे काम ज्या स्त्रियांकडे होते त्यांना परक्यांच्या दारात वारंवार जाणे सोपे नव्हते. लाल पंपही पुष्कळ ठिकाणी चालूच राहिला. पुढे रंग उडाला, नवे पंप बसले, आणि ते तपासण्यासाठी पुन्हा कोणी आले नाही. सरकारने खोल कूपनलिका दिल्या, त्यांचे पाणी सहसा सुरक्षित असते. मात्र त्या कोठे बसवायच्या हे ठरवताना गरजेपेक्षा राजकीय ओळखीपाळखी वरचढ ठरल्याचे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१६ मध्ये दाखवून दिले. तोवर सुमारे दोन कोटी लोक दूषित पाणीच पीत होते.

आपला दुसरा प्रश्न, आधी कशाला हात घालावा, याचे माझे उत्तर या कथेतच आहे. कोणताही उपाय योजल्यानंतर तो नियमितपणे तपासणारी, दुरुस्त करणारी आणि चुकांबद्दल जाब देण्यास बांधलेली पगारी माणसे स्थानिक पातळीवर असणे, याला मी पहिला क्रम देईन. हे काम मिरवण्याजोगे नसते. नव्या पंपाचे उद्घाटन होते, त्याच्या वॉशरचे होत नाही. देणगीदार संस्थाही बांधकामाला जितक्या तत्परतेने पैसे देतात तितक्या तत्परतेने दहा वर्षांच्या देखभालीला देत नाहीत. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत कोणत्याही वेळी साधारण चारांतला एक हातपंप बंद असतो असा अंदाज आहे, आणि त्यातले कित्येक एखाद्या किरकोळ सुट्या भागावाचून पडून असतात.

हीच उणीव वेगळ्या रूपात कशी दिसते यासाठी नायजेरियातील झामफारा राज्याचे उदाहरण पाहावे. सोन्याचे भाव चढल्यावर तेथील गरीब शेतकऱ्यांनी हाताने खडक खणून सोने काढायला सुरुवात केली. तो खडक घरोघरी, धान्य दळायच्या गिरण्यांमध्ये दळला जाई, आणि त्यात शिशाचे प्रमाण प्रचंड होते. २०१० साली चारशेहून अधिक मुले शिशाच्या विषबाधेने मरण पावली. रक्तातील शिसे कमी करणारे औषध उपलब्ध होते, पण उपचार घेतलेले मूल पुन्हा त्याच अंगणात रांगणार असेल तर औषधाचा उपयोग नाही, म्हणून आधी अंगणातली माती खरवडून काढणे आणि मग उपचार, असा क्रम डॉक्टरांना धरावा लागला. बागेगा नावाच्या गावात तर निधीअभावी ही सफाई रखडली आणि तेथील मुलांना पूर्ण उपचारांसाठी २०१३ पर्यंत थांबावे लागले. खाणकामावर सरसकट बंदी घाला, असे सांगणे सोपे आहे. परंतु ज्या घराचे पोट त्यावर चालते ते घर बंदीनंतर तेच काम लपून, म्हणजे पुन्हा घराच्या चार भिंतींआड करणार. दळण्याची जागा वस्तीपासून दूर नेणे आणि धूळ उडू नये म्हणून खडक ओला करून दळणे हे उपाय त्यामानाने कमी आकर्षक, पण अधिक उपयोगी ठरतात.

स्वयंपाकघरातील धुराबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तो विषय सर्वांच्या परिचयाचा आहे. जगातील सुमारे २१० कोटी लोक आजही लाकूड, शेणी, कोळसा किंवा रॉकेल यांवर अन्न शिजवतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील या धुरामुळे २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. येथेही पहिले सिलिंडर देणे तुलनेने सोपे असते. दुसरे, पाचवे आणि दहावे सिलिंडर कुटुंबाला परवडते की नाही, यावर फुप्फुसांचे भवितव्य ठरते.

हे सर्व वाचून विकसनशील देशांत काही घडतच नाही असा ग्रह होऊ नये, म्हणून बांगलादेशातलीच दोन उलट उदाहरणे देतो. अतिसारावरचा जलसंजीवनीचा उपाय ढाक्यातील संशोधनातून १९६८ मध्ये सिद्ध झाला आणि १९७१च्या युद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवला. मात्र तो घरोघरी पोहोचला तो ब्रॅक या संस्थेमुळे. १९८०च्या दशकात तिच्या महिला कार्यकर्त्यांनी एक कोटीहून अधिक घरी जाऊन मातांना तीन बोटांच्या चिमटीतले मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण करायला शिकवले. यातली खरी युक्ती मला पगाराच्या पद्धतीत दिसते. काही काळाने दुसराच कर्मचारी त्यांतल्या काही घरी जाई, आईला काय आठवते ते विचारी, तिने केलेल्या मिश्रणाचा नमुना तपासायला नेई, आणि आईला जितके आठवत असेल त्या मानाने शिकवणारीला मोबदला मिळे. किती घरी गेलो याला महत्त्व न देता तेथे काय उरले याला महत्त्व देणारा कार्यक्रम आपल्याला आजही सहसा सापडत नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. हळकुंडांचा रंग खुलावा म्हणून त्यांना शिसेयुक्त पिवळी पूड चोळली जात असे, आणि गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा उगम शोधताना संशोधक या भेसळीपर्यंत येऊन पोहोचले. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेने घाऊक बाजारात छापे टाकले, दंड केले, लोकांना सावध केले. बाजारातील नमुन्यांपैकी २०१९ मध्ये ४७ टक्क्यांत शिसे आढळत होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही. ज्या राज्ययंत्रणेला कूपनलिकांचा माग ठेवणे जमले नाही, तिलाच हे दोन वर्षांत जमले. घाऊक व्यापाऱ्यांची संख्या मोजकी होती आणि बाजार एका जागी होता, हे मान्य. तरीही कुवतच नाही, हा युक्तिवाद यापुढे मी तरी सहजी मान्य करणार नाही.

अर्थात या मनुष्यबळाला पैसा लागतो, आणि येथे दोष केवळ त्या देशांच्या कारभारावर टाकणे अन्यायाचे होईल. आपल्या अर्थसंकल्पाचा किमान १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करू, असे आफ्रिकी देशांनी २००१ मध्ये अबुजा येथे जाहीर केले, आणि बहुतेकांना ते पाळता आले नाही. दुसरीकडे, जगातील सुमारे ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जेथे सरकार आरोग्य किंवा शिक्षण यांपेक्षा कर्जावरील व्याजासाठी अधिक पैसा मोजते, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०२३च्या अहवालात नमूद आहे. सरकारने स्वखर्चाने घडवलेली परिचारिका श्रीमंत देशात नोकरीला जाते, तेव्हा तिला दोष देता येत नाही. पण तो खर्चही कोणी परत करत नाही. हवामानबदलाचेही तसेच आहे. त्याला तोंड देण्यासाठी विकसनशील देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचे श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे कबूल केले आणि त्याची मुदत २०२० होती; ती रक्कम प्रथमच पूर्ण झाली २०२२ मध्ये, आणि तीही मोठ्या प्रमाणात कर्जाच्या रूपाने.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. लोकसंख्या हे मूळ कारण आहे असे मला वाटत नाही, मात्र तिचा भार पडतच नाही असेही मी म्हणणार नाही. शाळा, दवाखाने आणि पाणीपुरवठा दर वर्षी वाढत्या संख्येला पुरवताना गरीब सरकारची दमछाक होते, हे उघड आहे. परंतु बांगलादेशात १९७०च्या दशकात दर स्त्रीमागे सहाहून अधिक असलेला जननदर आता दोनच्या आसपास आला आहे, आणि तो येण्यामागे घरी येऊन गर्भनिरोधके देणाऱ्या महिला कर्मचारी, मुलींचे शिक्षण आणि जन्मलेली मुले जगतील याची आईवडिलांना वाटू लागलेली खात्री ही कारणे होती. म्हणजे ज्याला आपण मूळ कारण म्हणता, तोच पुष्कळ अंशी आरोग्य व शिक्षण यांच्या अभावाचा परिणाम आहे. पर्यावरणाच्या बाबतीत तर हे कारण आणखीच लंगडे पडते: नायजर या देशाचा जननदर सहाच्या आसपास, म्हणजे जगातील सर्वाधिकांपैकी एक आहे, आणि तेथील माणसामागे वर्षाला साधारण ०.१ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकेत जननदर दोनच्याही खाली आहे, आणि तेथे हेच प्रमाण माणसी सुमारे १४ टन आहे.