कस्टमच्या कागदावर खाडाखोड नको
बाळा, वाळूजला निर्यातीच्या कामाला लागलास, आता एक पक्कं ध्यानात ठेव. पॅकिंग लिस्टवर ४०८ किलोचं ४८० पडलं अन् साहेब म्हणाले, "व्हाइटनर मार, पुढं काढ", तरी हात लावू नको. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम १३२: खोटा कागद माहीत असून सही केली किंवा वापरला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कलम ११४एए मालाच्या किमतीच्या पाचपट दंडापर्यंत जातं. छोट्या कारखान्याचं त्यात दिवाळंच निघतं. सही तुझी असली की साहेबांकडं बोट दाखवून भागत नाही. खरोखर चूक झालीच तर कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज कर. माल गेल्यावरही करता येतो, पण तेव्हा माल निघताना अस्तित्वात असलेलेच कागद पुरावा म्हणून चालतात. म्हणून मूळ इन्व्हॉइस फाइलीतून हलू देऊ नको.