बंदुकीआधीचा अर्ज

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू प्रबंधाची वही उघडलीस तेव्हा मी चहा घेत गप्प बसलो होतो, म्हणून तुला वाटलं असेल की काकांना यातलं फारसं काही सांगायचं नाही. सांगायचं इतकं होतं की तोंडातून नीट निघालं नसतं. पट्टीनं आखलेली ती रेघ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. डावीकडे ‘दंगलखोर’, उजवीकडे ‘क्रांतिकारक’, आणि अमेरिकेतल्या 1786-87 च्या शेतकरी उठावाचा पुढारी म्हणून ज्याला ओळखतात त्या डॅनियल शेजचं नाव पेन्सिलीनं आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग दोन्हीकडून खोडलेलं. खोडरबरानं कागद इतका घासला होतास की पलीकडची ओळ दिसत होती. “काका, याला घालू तरी कुठे?” असं विचारलंस आणि डोळ्यांत पाणी आलं तुझ्या.

तुझ्या मार्गदर्शकांनी भूमिका ठरवून या म्हणून सांगितलंय, ठीक. पण तुझी वही सुरू कुठून होते ते एकदा बघ. 25 जानेवारी 1787. मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफिल्ड, बर्फ, शस्त्रागार, तोफा. गोंधळ तिथूनच सुरू होतो. गोळी सुटली त्या दिवसापासून वाचायला घेतलंस तर तुला दंगलखोर आणि क्रांतिकारक हेच दोन रकाने सापडणार. बंदुकीआधीचा अर्ज वाच. तो मिळेपर्यंत कुणाचंही नाव कुठल्याही रकान्यात घालू नकोस.

अर्ज आहेत. ढीगभर आहेत. जानेवारी 1786 मध्ये, म्हणजे स्प्रिंगफिल्डच्या साधारण एक वर्ष आधी, ग्रीनिच नावाच्या छोट्या गावानं बोस्टनच्या विधिमंडळाकडे अर्ज पाठवला. तो मूळ इंग्रजीत वाच, कारण त्याचं शुद्धलेखन बघण्यासारखं आहे. बोलतात तसंच लिहिलंय. नांगर धरणाऱ्या हातानं बोरू धरला की जसं उतरेल तसं. त्यात ते हिशेब मांडतात: गेल्या पाच वर्षांत राज्याचे, परगण्याचे, गावाचे मिळून जेवढे कर आमच्यावर बसले, तेवढ्यात आमच्या शेतांचा खंड निघाला असता. वकिलांची फी परवडत नाही, मालमत्ता हिसकावून नेतात, तुरुंग भरलेत, आणि एवढं होऊन कर्ज काही फिटत नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला यातलं एकही वाक्य मी समजावून सांगायची गरज नाही.

हा पेच कसा बसला ते मात्र पक्कं करून घे, तुझ्या वहीत ते दोन ओळींत उरकलंय. स्वातंत्र्ययुद्ध संपलं, आणि लंडनचे व्यापारी बोस्टनच्या व्यापाऱ्यांकडे उधारीऐवजी नाणं मागू लागले. बोस्टनवाल्यांनी ते खेड्यातल्या दुकानदाराकडे मागितलं, दुकानदारानं शेतकऱ्याकडे. शेतकऱ्याचा व्यवहार धान्यावर, लाकडावर, एकमेकांच्या शेतात राबण्यावर चालायचा; सोन्याचांदीचं नाणं त्याच्या घरात नव्हतंच. त्यातले बरेच जण लढाईवरून आलेले. सैनिकांना पगार म्हणून कागदी रोखे मिळाले होते. घर चालेना म्हणून ते त्यांनी मिळेल त्या भावात विकले, आणि ज्यांनी ते स्वस्तात गोळा केले त्यांना पूर्ण मोबदला द्यायचा म्हणून राज्यानं कर वाढवले. म्हणजे शिपायानं आपलाच पगार रुपयातल्या काही आण्यांना विकायचा, आणि तोच रोखा सोडवायला वर पुन्हा कर भरायचा. शेज स्वतः कॅप्टन होता, बंकर हिल आणि साराटोगाला लढलेला. फ्रेंच सेनानी लाफायेतनं सन्मानानं दिलेली तलवार त्यानं गरजेपोटी विकली.

आता हॅटफिल्ड. 22 ऑगस्ट 1786. हॅम्पशायर परगण्यातल्या 50 गावांचे प्रतिनिधी तिथं जमले आणि तीन दिवस बसून तक्रारींची यादी केली. दिवाणी न्यायालयांचा त्रास, कोर्टाच्या फीचे दर, चलनाचा तुटवडा, वरचं सभागृह मुळात असणंच, आणि विधिमंडळ दूर बोस्टनला भरतं ही अडचणसुद्धा. त्याच ठरावात शेवटी लोकांना बजावलंय की जमाव करू नका, बेकायदा काही करू नका. एका आठवड्यानं, 29 ऑगस्टला, नॉर्थॅम्प्टनला सुमारे 1500 माणसं ढोल-बासरी वाजवत आली आणि कोर्ट भरू दिलं नाही. तुझ्या वहीत नॉर्थॅम्प्टन आहे, हॅटफिल्ड नाही! मी दोनदा पानं उलटून पाहिली.

मला राग का येतो ते सांगतो. आजवर घरीसुद्धा धड सांगितलेलं नाही.

मी पंचविशीत एका सेवा सोसायटीत लागलो. नाव सांगत नाही, त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. माझ्याकडे आवक-जावक आणि थकबाकीची यादी. एक शेतकरी होता, दोन पावसाळे कोरडे गेलेले. त्यानं कर्जाच्या पुनर्गठनासाठी अर्ज दिला. मी आवकचा शिक्का मारला, क्रमांक टाकला, फाईलला लावला. दुसरा दिला, त्यालाही शिक्का. तिसरा अर्ज त्याच्या मुलीनं लिहिला होता, वहीच्या रेघांच्या कागदावर, समासासकट. त्यालाही मी शिक्का मारला, तोही नेमका तिच्या अक्षरावर पडला. एकही अर्ज मी सचिवांपुढे ठेवला नाही. ठेवू नकोस असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ठेवायचा असतो हेच मनात आलं नाही. थकबाकीदाराचा कागद म्हणजे वेळ काढायचा कागद, अशी आमच्याकडची समजूत. पुढे जप्तीत त्याची बैलजोडी गेली. लिलावाच्या दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन आला, टेबलावरची काच फोडली, रजिस्टर भिरकावलं. पोलिसांनी पंचनामा केला. पंच म्हणून सही माझी. त्यात काचेचे तुकडे मोजलेत, रजिस्टरचं किती पान फाटलं ते लिहिलंय. तीन अर्जांचा शब्द नाही. त्या वेळी फाईल माझ्या पाठीमागच्या कपाटात होती, हातभर अंतरावर.

आमच्या तालुक्यात ती गोष्ट आजही ‘सोसायटीत धुडगूस घातला’ अशीच सांगतात.

तू म्हणशील, मग नोकरी का नाही सोडलीत? नाही सोडली. आणखी बावीस वर्षं केली. आई अंथरुणाला होती, दोन लेकरं शाळेत. आणि मी सोडून माझ्या जागी दुसरा कुणी आला असता, त्यानंही शिक्केच मारले असते. निदान त्यानंतर मी प्रत्येक अर्ज सचिवांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवला, सही घेतली, त्यावरून बोलणीही खाल्ली. दोनदा बदली झाली माझी त्यापायी. हे मी मोठेपणासाठी सांगत नाहीये. पण कधी कधी वाटतं की एवढं तरी माझ्या खात्यावर जमा धरावं. असो. तुझ्या प्रबंधाशी याचा संबंध आहे म्हणूनच इतकं लिहिलं. इतिहास लिहिणाराही पंचच असतो, आणि काच मोजणं सोपं जातं.

आता तुझं स्प्रिंगफिल्ड घे. त्याआधी सप्टेंबरात वुस्टरला न्यायाधीश आर्टेमस वॉर्ड कोर्टाच्या दाराशी गेला, तर समोर संगिनी. हाच वॉर्ड 1775 मध्ये बोस्टनच्या वेढ्यात, वॉशिंग्टन येईपर्यंत, सेनापती होता. अशा ओळखीच्या माणसांमधलं हे भांडण होतं. गव्हर्नर बोडननं फौज उभी करायचं ठरवलं, तिजोरीत पैसा नव्हता, तेव्हा बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि बेंजामिन लिंकनच्या हाताखाली सुमारे 3000 जण निघाले. लिंकन पोचायच्या आत शस्त्रागार घ्यायचं म्हणून शेज 25 जानेवारीला निघाला. बंडखोरांच्या दुसऱ्या तुकडीचा पुढारी ल्यूक डे यानं निरोप पाठवला होता की मी उद्या येतो, आज नको. तो निरोप वाटेतच, शस्त्रागार राखणाऱ्या जनरल शेपर्डच्या लोकांच्या हाती पडला. शेजचे बारा-पंधराशे लोक टोप्यांत हिरव्या डहाळ्या खोचून बर्फातून पुढे गेले. शेपर्डनं आधी डोक्यावरून तोफा डागल्या, मग सरळ माणसांत. चार मेले, वीसेक जखमी. उरलेले ‘खून, खून’ ओरडत पळाले. त्यांच्या बाजूनं एकही बंदूक उडाली नव्हती.

यानंतरचं तुझ्याकडे अजिबात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. 30 जानेवारीला, चार माणसं मेल्यानंतर पाच दिवसांनी, याच लोकांनी पेलमहून विधिमंडळाला पुन्हा अर्ज लिहिला. शस्त्र हाती घेण्यात आमची चूक झाली असं त्यात कबूल केलं आणि माफी मागितली. उत्तर काय मिळालं? 3 फेब्रुवारीच्या रात्री लिंकन हॅडलीहून निघाला, हिमवादळात तीस मैल चालून पहाटे पीटरशमला येऊन थडकला आणि दीडशे जण पकडले. म्हणजे बंदुकीआधी अर्ज आणि बंदुकीनंतरही अर्ज. जी माणसं राज्य उलथायला निघतात ती त्याच राज्याला इतक्यांदा अर्ज लिहीत नाहीत.

तुझ्या वहीत युद्धखात्याचा प्रमुख हेन्री नॉक्स याचं वॉशिंग्टनला लिहिलेलं पत्र मात्र दोन पानं भरून आहे. या लोकांना सगळी मालमत्ता समाईक करायची आहे, असं त्यानं ऑक्टोबर 1786 मध्ये कळवलं आणि वॉशिंग्टन हादरला. ग्रीनिचचा अर्ज याच्या शेजारी ठेव. ते आपलं शेत आपल्याकडे राहावं म्हणून विनवत होते. आणि जेफरसनचं ते ‘अधूनमधून थोडं बंड बरं असतं’ हे वाक्य प्रबंधाच्या पहिल्या पानावर घालायचा मोह आवर. तो पॅरिसला होता. त्याच्या वाक्यानं बंडखोरांना टाळी मिळते, पण त्यांचा हिशेब त्यात कुठेच नाही. निंदा करणारा आणि कौतुक करणारा, दोघेही काठीकडेच बघतात.

तुझी एक शंका खरी आहे आणि तिला मी टाळणार नाही. पुढच्या संशोधकांनी माफीसाठी सह्या केलेल्या सुमारे 4000 लोकांची नावं तपासली, तेव्हा सगळे काही कर्जात बुडालेले निघाले नाहीत. कर्ज नसलेली गावंही उठली होती आणि कर्जबाजारी गावं घरी बसली होती. ‘मग कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव म्हणूच नये का?’ असं तू विचारलंस. हेसुद्धा अर्जातच सापडेल तुला. त्यांत सावकाराइतकाच कर आहे, कोर्टाची फी आहे, आणि बोस्टन आमचं ऐकत नाही हे गाऱ्हाणं आहे. कर्ज ज्याच्या अंगावर नव्हतं त्याच्याही अंगावर कर होता. अर्ज वाचला असतास तर या शंकेनं तुला आठवडाभर जागवलं नसतं. रागावून म्हणत नाही, पण वेळ गेला तुझा.

आणि कृपा करून लगेच सुप्याकडे उडी मारू नकोस. 12 मे 1875, भीमथडीतलं सुपे, लोकांनी सावकारांची खतं-रोखे काढून जाळले, सरकारनं आयोग नेमला आणि 1879 चा कायदा झाला, हे मलाही जवळचं आहे. आमच्या आजोळच्या घरात त्याच्या गोष्टी सांगत. पण दोन्हींमध्ये नव्वद वर्षं आणि अख्खा समुद्र आहे. तिथं मतदार असलेले लोक स्वतःच्याच प्रजासत्ताकाशी भांडत होते, इथं परकं राज्य होतं. एखादी तळटीप दे, जास्त नको.

ते स्वतःला ‘रेग्युलेटर’ म्हणवत, म्हणजे बिघडलेला कारभार ताळ्यावर आणणारे. ‘शेजचं बंड’ हे नाव समोरच्यांनी दिलं. शेज तर मी पुढारी नाही म्हणून सांगत होता. तुझ्या दोन्ही रकान्यांत हा शब्द नाही. त्यांचा शब्द निदान एकदा तरी त्यांच्या तोंडून येऊ दे.

पुढचं तुला माहीत आहे ते भराभर लिही. बोडन 1787 च्या निवडणुकीत हरला, आधीचा गव्हर्नर हॅनकॉक परत आला, कराचा बोजा हलका झाला, देणेकऱ्यांना सवलत मिळाली. आधीच्या अर्जांत मागितलेलं बरंचसं, माणसं मेल्यावर मिळालं. बाकीच्यांना माफी मिळाली, पण जॉन ब्लाय आणि चार्ल्स रोझ यांना 6 डिसेंबर 1787 ला लेनॉक्सला फाशी झाली, तीही घरफोडीच्या आरोपावर. शेजला 1788 मध्ये माफी मिळाली, 1825 मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या स्पार्टात गरिबीत गेला.

आणि ग्रीनिच? ते गाव आज नकाशावर नाही. 1938 मध्ये ते मोडलं आणि क्वॉबिनच्या धरणाखाली गेलं. ते पाणी बोस्टनला जातं. कोयनेच्या आणि जायकवाडीच्या काठचं कुणी हे वाचेल तर त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. अर्ज तेवढा राहिला.

गुरुवारी ये. येताना हॅटफिल्डची यादी मराठीत उतरवून आण, कलम न् कलम, काही गाळू नकोस. ‘कोर्ट ऑफ कॉमन प्लीज’ला काय म्हणायचं ते आपण बसून ठरवू, मला ‘दिवाणी कोर्ट’ पुरेसं वाटत नाही. मी माझी जुनी पत्र्याची पेटी काढून ठेवतो. त्यात त्या पंचनाम्याची नक्कल आहे, आणि समासासकट लिहिलेला तिसरा अर्जही. नोकरी संपली त्या दिवशी फाईलमधून काढून घेतला होता मी. तसं करायचा मला अधिकार नव्हता, पण तिथं ठेवला असता तर रद्दीत गेला असता. तू बघ एकदा. आजवर कुणाला दाखवलेला नाही.

तुझा,
काका