फोन ताई का उचलते?

मावशी,

मी २४ वर्षांचा. मिरजेजवळच्या गावात राहतो. तीन वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या एका मराठी गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या पाचांत होतो. गावात मिरवणूक निघाली, आमदारांच्या हस्ते सत्कार झाला. पहिल्या वर्षी कार्यक्रमांतून उसंत नव्हती. आता महिन्याला एखादा, तोही निम्म्या मानधनात. परीक्षक तेव्हा "मुंबईत आलास की भेट" म्हणाले होते. आता मेसेज बघतात, उत्तर देत नाहीत. यूट्यूबवर कव्हर टाकतो. व्ह्यूज येतात, पैसे येत नाहीत. फोन, तारखा सगळं ताई बघते (तिचं बी.एड.चं दुसरं वर्ष त्या गडबडीत राहिलंच), त्यामुळे मला रियाजाला वेळ मिळतो. हळदी-बारशाच्या सुपाऱ्या मी घेत नाही, त्याने नाव खराब होतं असं सगळेच म्हणतात. अरिजित सिंगही स्पर्धेत हरलाच होता ना? बाबा म्हणतात, नोकरी बघ. मी मुंबईत जाऊन दोन वर्षं झोकून देऊ का?

– तुमचा एक वाचक

---

परीक्षकांना तू दोन वाक्यं दिलीस, आमदारांना अर्धं, आणि ताईला कंस. मी तो कंस चार वेळा वाचला.

मुंबईचं मी आज काही बोलणार नाही. तुझा धंदा कसा चालतो हे तुला ठाऊकच नाही, तर मुंबईत जाऊन काय झोकून देणार आहेस? धंदा म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस. ताईला सगळं ठाऊक आहे. तिच्याकडे एखादी वही असेलच. कोणाचा फोन आला, मैदान की हॉल, साऊंड त्यांचा की आपला, कीबोर्डवाला त्या दिवशी मोकळा आहे का, ॲडव्हान्स आला का, गाडीच्या डिझेलचे किती. रात्री दहाला स्पीकर बंद झाला की तू सेल्फीच्या गराड्यात उभा असतोस आणि ती मंडपामागे खजिनदाराला शोधत असते, कारण उरलेले पैसे त्याच्या खिशात असतात आणि तो नेमका तेव्हाच कुठेतरी गेलेला असतो. कीबोर्डवाला वायरी गुंडाळायच्या आत त्याचं पाकीट त्याच्या हातात पडतं. तिचं पाकीट? तीन वर्षांत एकदा तरी?

यात ताईला मी सोडणार नाही. तिने तुला नको तितकं सांभाळलंय. तू "नाही सांग" म्हणालास की तिने गोड आवाजात नाही सांगितलं, एकदाही भांडली नाही. वहीत अशा 'नाही'च्या किती ओळी असतील याचा तुला अंदाज नाही.

अरिजितचं म्हणशील तर तो २००५ मध्ये 'फेम गुरुकुल'मधून अंतिम फेरीआधीच बाहेर पडला आणि 'तुम ही हो' आलं २०१३ मध्ये. मधली आठ वर्षं तुझ्या पत्रातून गळाली आहेत. त्या काळात तो प्रीतमसारख्या संगीतकारांकडे म्युझिक प्रोग्रॅमिंग करत होता, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांची जुळवाजुळव. आपलं नाव खराब होईल म्हणून तो ते काम नाकारत बसला असता, तर आज तुला त्याचं नाव घ्यावंसंही वाटलं नसतं.

घराजवळचं उदाहरण घे. 'सारेगमप'चे लिटिल चॅम्प्स २००९ मध्ये संपले. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर हरले. इतकी वर्षं उलटली, पाचही जण गातात, आणि त्यातलं कोण जिंकलं होतं हे सांगायला निम्म्या लोकांना आठवावं लागतं. ट्रॉफीचं ओझं किंवा हरल्याचं दुःख, दोन्ही लवकर संपतं रे. पुढे मोजले जातात ते कार्यक्रम.

टीव्हीचा प्रेक्षक तुझा नव्हता, वाहिनीचा होता. पुढचं पर्व आलं, पुढचे पाच आले, तो तिकडे गेला. यात कोणी तुझा विश्वासघात केलेला नाही, त्या परीक्षकांनीही नाही. दर पर्वात ते किती जणांना "भेट" म्हणत असतील! तुझा म्हणावा असा प्रेक्षक ताईच्या वहीत आहे. दर वर्षी न चुकता फोन करणारा एखादा मंडळवाला, स्नेहसंमेलनाला बोलावणाऱ्या मुख्याध्यापक बाई, कोजागिरीला पंधरा माणसांपुढे का होईना पण तूच हवास म्हणणारी सोसायटी. आणि नातीच्या बारशाला गाणं हवं म्हणून फोन केलेली ती आजी, जिला तू नाही म्हणवलंस.

हे "सगळेच म्हणतात" मधले सगळे कोण, तेही कळव कधीतरी. त्यातला एक तरी तुझं लाइटबिल भरतो का? स्पर्धेत तू एका दमात किती गायलास? दोन मिनिटं, फार तर तीन. तेही आठवडाभर तालीम करून, पाठीशी कसलेले वादक घेऊन आणि तुझ्या पट्टीत बसवलेलं गाणं. बारशाला हातभर अंतरावर पन्नास बायका बसलेल्या असतात, मध्येच बाळ रडतं, कोणीतरी भलतीच फर्माईश करतं आणि ती तुला येत नसते. अडीच तास माणसं धरून ठेवायची विद्या तुला टीव्हीने शिकवलेली नाही. ती अशाच ठिकाणी येते, आणि वर पैसे मिळतात.

कव्हरचं एका ओळीत सांगते: गाण्याचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत ती त्या व्हिडिओवर दावा सांगू शकते, त्यामुळे व्ह्यूजची वाट बघून तुझं घर चालणार नाही.

आता तू काय करायचंस ते ऐक. या रविवारी तानपुरा गवसणीत ठेव आणि ताईच्या शेजारी ती वही घेऊन बस. पहिल्या पानापासून वाच. कुठून फोन आले, कुठून परत आले, कुठून आलेच नाहीत, कुठल्या गाण्याला वन्स मोअर मिळाला. तिने हेही लिहून ठेवलं असेल असं माझं मन सांगतं. मग बाहेरच्या मॅनेजरला जेवढा टक्का द्यावा लागला असता, तो मिरज-सांगलीतल्या कुठल्याही ऑर्केस्ट्रावाल्याला विचारून तीन वर्षांच्या कमाईवर लाव. ती रक्कम तू ताईला देणं लागतोस. एकदम जमणार नाही, हप्ते बांध, पण आकडा आजच तिच्यासमोर लिही. एखाद्या कंपनीच्या कार्यक्रमात टीडीएस कापला गेला असेल आणि तू रिटर्न भरलं नसशील, तर तेही त्याच वहीत सापडेल.

सोमवारपासून फोन तुझ्याकडे. राहिलेलं दुसरं वर्ष पुन्हा कसं सुरू करता येतं, याची चौकशी करायला कॉलेजात तू जा. तिथून शिवाजी विद्यापीठात पाठवलं तर कोल्हापूरला तू जा. रांगेत तू उभा राहा. रियाजाचा एक दिवस बुडेल, बुडू दे.

पहिले चार फोन तू बिघडवशील. मानधनाचा आकडा सांगताना जीभ अडखळेल, समोरचा "टीव्हीवाले असलात म्हणून काय झालं" म्हणेल, तुला राग येईल. "घरी विचारून सांगतो" म्हणून ताईकडे बघू नकोस. साऊंड कोणाचा आणि ॲडव्हान्स कधी, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ठेवू नकोस. बाबांनाही कळू दे की घरात एक नोकरी आधीच चालू होती, फक्त पगार कोणी देत नव्हतं.

आषाढ लागला की गणपती मंडळांचे फोन सुरू होतात, तुझ्याकडे फार दिवस नाहीत. आणि त्यात बारशाचा आला, तर तारीख मोकळी आहे का तेवढंच बघ.

– मावशी