दोष अपडेटचा नाही, पाथमध्ये आधी सापडणाऱ्या जुन्या डीएलएलचा आहे

तुमची अडचण मला समजली ती अशी. एमसिस२ (विंडोजवर ओपन सोर्स साधनं आणि त्यांची पॅकेजं पुरवणारी व्यवस्था) मधल्या जीसीसी या कंपायलरने तुम्ही स्वतः कंपाइल केलेला चित्रं रूपांतरित करणारा प्रोग्राम बरेच महिने नीट चालत होता. मागच्या आठवड्यात एमसिस२ पूर्ण अपडेट केलं. आता आयकॉनवर दोन क्लिक केलं की ‘प्रोसीजर एंट्री पॉइंट सापडला नाही’ असा संदेश येतो. त्यात ‘_झेडएनएसटी’ने सुरू होणारं एक लांबलचक नाव असतं आणि खाली ओपनईएक्सआर या चित्रांच्या लायब्ररीच्या डीएलएलचा (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या सामायिक कोडच्या फाइलचा) पत्ता. ओपनईएक्सआरचं पॅकेज दोनदा पुन्हा इन्स्टॉल करूनही फरक पडला नाही. एमसिस२ च्याच यूसीआरटी६४ या विभागाच्या टर्मिनलमधून मात्र तोच प्रोग्राम विनातक्रार चालतो. कुणीतरी डीएलएल उतरवून सिस्टम३२ या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकायला सांगितलं, आणि यापुढे अपडेट करूच नये का, असं तुम्ही विचारताय.

आधी एक विनंती: सिस्टम३२ मध्ये काहीही टाकू नका. टाकलं असेल तर आजच काढा. कारण पुढे सांगतो.

तुमच्या वर्णनातला सगळ्यात मोलाचा धागा म्हणजे ‘टर्मिनलमधून चालतो, क्लिक केल्यावर नाही’. प्रोग्राम तोच आणि मशिनवरच्या डीएलएलही त्याच, मग बदलतं काय? बदलतो तो पाथ, म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम आणि डीएलएल शोधतं त्यांची यादी. एमसिस२ चं टर्मिनल उघडताना स्वतःचं बिन (प्रोग्राम आणि डीएलएल असलेलं) फोल्डर पाथच्या सुरुवातीला लावतं. एक्सप्लोररमधून उघडलेल्या प्रोग्रामला मात्र विंडोजचा नेहमीचा पाथ मिळतो, आणि त्यात तुमच्या एमसिस२ च्या आधी दुसऱ्या कुणाचं तरी फोल्डर आहे, असा माझा जवळजवळ पक्का अंदाज आहे.

आता तो विचित्र संदेश. ‘_झेडएनएसटी’ने सुरू होणारी नावं सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीची असतात, म्हणजे जीसीसीच्या बाबतीत लिबस्टडसीप्लसप्लस-६ या डीएलएलमधली. अलीकडच्या विंडोजमध्ये संदेशात ज्या फाइलचा पत्ता दिसतो, ती बहुतेक वेळा मागणारी असते, नाकारणारी नव्हे. ओपनईएक्सआर म्हणतंय, ‘मला हे फंक्शन हवं होतं, मिळालं नाही.’ तुम्ही तक्रारदारालाच दोनदा बदललंत, म्हणून उपयोग झाला नाही. संदेशाची भाषाच अशी आहे की कुणीही हेच करेल.

विंडोज डीएलएल शोधतं ते ठरलेल्या क्रमाने: आधी प्रोग्रामची ईएक्सई जिथे आहे ते फोल्डर, मग सिस्टम३२, मग विंडोजचं फोल्डर, मग चालू फोल्डर आणि सर्वांत शेवटी पाथमधली फोल्डरं, ओळीने. त्या नावाची पहिली फाइल मिळाली की शोध संपला. तिची आवृत्ती जुनी आहे का, ती कुणी ठेवली, हे कोणी बघत नाही. तुमची ईएक्सई स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असल्यामुळे सगळी मदार पाथवर. तिथे दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने आपल्यासोबत आणलेली जुनी लिबस्टडसीप्लसप्लस-६ आधी सापडते. अपडेटच्या आधीही तीच सापडत होती! फक्त तेव्हाच्या ओपनईएक्सआरला तेवढ्यावर भागत होतं. नवीन ओपनईएक्सआर नव्या जीसीसीने कंपाइल झालेलं असल्यामुळे त्याला नवीन फंक्शन लागलं आणि इतके महिने झाकलेला दोष उघडा पडला. म्हणून अपडेटला दोष देऊ नका.

हे पडताळून पाहायला साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा (एमसिस२ चं टर्मिनल नको) आणि ‘व्हेअर’ या कमांडला त्या डीएलएलचं पूर्ण नाव द्या. पाथमध्ये त्या नावाच्या जितक्या प्रती असतील, त्या सगळ्या क्रमाने दिसतील. पॉवरशेल वापरत असाल तर ‘व्हेअर’च्या पुढे ‘.ईएक्सई’ लिहायला विसरू नका, कारण तिथे नुसत्या ‘व्हेअर’चा अर्थ निराळाच आहे आणि ती काहीच न दाखवता परत येते. यादीत पहिली ओळ यूसीआरटी६४ ची नसेल तर चोर सापडला. एक सावधगिरी: बरेच जण अशा वेळी एमसिस२ च्या टर्मिनलमध्ये ‘एलडीडी’ (प्रोग्रामला कुठल्या डीएलएल लागतात आणि कुठून मिळतात ते दाखवणारी कमांड) चालवतात. तिथे पाथ वेगळा असल्याने ‘एलडीडी’ सगळं ठीक दाखवते आणि माणूस दिवसभर चुकीच्या दिशेने शोधत बसतो. जिथे बिघडतं, तिथूनच तपासा.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या संचातलं प्रोसेस मॉनिटर वापरा. फिल्टरमध्ये तुमच्या ईएक्सईचं नाव द्या आणि ‘लोड इमेज’ या नोंदी बघा. प्रत्यक्षात कुठल्या फोल्डरमधली कुठली फाइल उचलली गेली, हे तिथे पांढऱ्यावर काळं दिसतं. माझ्या मते विंडोजवर ओपन सोर्स पॅकेजं सांभाळणाऱ्याने एकच साधन शिकायचं ठरवलं तर ते हे असावं.

विंडोज जे त्रुटीचे आकडे दाखवतं त्यांवरूनही बरंच कळतं. ०एक्ससी००००१३५ म्हणजे डीएलएल मुळीच सापडली नाही. ०एक्ससी००००१३९ म्हणजे डीएलएल सापडली पण हवं ते फंक्शन तिच्यात नाही, म्हणजे तुमची सध्याची गत. ०एक्ससी०००००७बी बहुतेक वेळा ३२ बिट आणि ६४ बिटची सरमिसळ दाखवतो. पॉवरशेलमधून चालवलेला प्रोग्राम एक अक्षरही न बोलता परत आला तर शेवटचा एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा) विचारा. तो -१०७३७४१५१५ असेल, तर तो पहिलाच आकडा दशमान रूपात आहे.

आता सिस्टम३२ बद्दल. काही वर्षांपूर्वी मीही एका कामाच्या घाईत एका संकेतस्थळावरून सुटी डीएलएल उतरवून तिथे टाकली होती. तो प्रोग्राम चालू झाला. काही महिन्यांनी त्याच मशिनवर तीन वेगळे प्रोग्राम एकेक करून अडायला लागले आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मला कितीतरी दिवस वाटलंच नाही. वरचा क्रम पुन्हा वाचा: सिस्टम३२ पाथच्या आधी येतं. त्यामुळे तिथली एक प्रत, जो प्रोग्राम आपली डीएलएल पाथमधून घेतो, त्या प्रत्येकाच्या मानगुटीवर बसते. शिवाय ती प्रत कुठल्याच पॅकेजची नसते. कुठलाही मॅनेजर ती अपडेट करत नाही, कुठलाही अनइन्स्टॉलर ती काढत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा सुरक्षा-दोष जाहीर झाला तेव्हा १.०.१जी या आवृत्तीत दुरुस्ती आली, पण अशा अनाथ प्रतींपर्यंत कुठलीही दुरुस्ती पोचत नाही. ती फाइल कुणी बनवली आणि तिच्यात काय मिसळलं, हेही तुम्हाला माहीत नसतं. आणि नावावर जाऊ नका: ६४ बिट विंडोजवर सिस्टम३२ मध्ये ६४ बिट फाइली असतात आणि ३२ बिटवाल्या सिसवॉव६४ मध्ये.

दुरुस्तीसाठी मी सुचवेन ते असं. एक छोटी बॅच फाइल (ओळीने कमांड लिहिलेली फाइल) बनवा, तिच्यात यूसीआरटी६४ चं बिन फोल्डर पाथच्या पुढे जोडा आणि मग प्रोग्राम सुरू करा. शॉर्टकट त्या बॅच फाइलचा ठेवा. हा बदल तेवढ्या प्रोग्रामपुरता राहतो, बाकी मशिनला धक्का लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे लागणाऱ्या डीएलएल ईएक्सईच्या शेजारी ठेवणं. तो चुकीचा नाही, दुसऱ्याला प्रोग्राम द्यायचा असेल तर तोच करावा लागतो, पण मग त्या प्रती प्रत्येक अपडेटनंतर बदलायची जबाबदारी तुमची.

मूळ पाथ आवरायचा असेल तर ध्यानात ठेवा की सिस्टमचा पाथ आधी येतो आणि वापरकर्त्याचा नंतर जोडला जातो. आगंतुक फोल्डर सिस्टमच्या पाथमध्ये असेल, तर तुम्ही आपल्या पाथमध्ये एमसिस२ कितीही वर नेलंत तरी फायदा नाही. त्या सॉफ्टवेअरला पाथमध्ये असण्याची खरोखर गरज आहे का, ते बघा. बहुतेकांना नसते. आणि पाथ बदलायला ‘सेटएक्स’ ही कमांड वापरू नका. ती १०२४ अक्षरांनंतरचं कापून टाकते आणि गेलेला भाग परत मिळत नाही. बदल केल्यावर आधीपासून उघडी असलेली टर्मिनलं बंद करून नवी उघडा, त्यांच्याकडे जुनाच पाथ असतो.

हाच रोग, म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइलींपैकी पाथमध्ये आधीची उचलली जाणं, इतर रूपांतही भेटतो. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरचं नाव ‘लिंक’ आणि जीएनयूच्या साधनांतही एक ‘लिंक’. विंडोजचं ‘फाइंड’ वेगळं, युनिक्सकडून आलेलं ‘फाइंड’ वेगळं.

आता अपडेटबद्दल. करत राहा, फक्त पद्धत सांभाळा. एमसिस२ मध्ये पॅकेजांची यादी ताजी करून एकच पॅकेज चढवायचा मोह टाळा. तिथली पॅकेजं एकमेकांच्या नेमक्या आवृत्त्यांवर कंपाइल झालेली असतात, त्यामुळे अपडेट सगळ्यांचं एकदम करायचं. मूळ रनटाइमच (टर्मिनल ज्याच्यावर चालतं तो भाग) बदलला तर टर्मिनल बंद होतं. ते उघडून अपडेटची तीच कमांड पुन्हा द्यावी लागते. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि अर्धं अपडेट घेऊन बसतात. सुरू करण्याआधी एमसिस२ चे सगळे प्रोग्राम बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये जीपीजी-एजंटसारखं पार्श्वभूमीत चालणारं काही मागे राहिलंय का तेही पाहा. लिनक्सवर चालू प्रोग्रामची फाइल बिनदिक्कत बदलता येते. विंडोज वापरात असलेली डीएलएल पुसू देत नाही, आणि मग काही फाइली नव्या, काही जुन्या असा घोळ होतो. नवीन आवृत्ती खरोखरच बिघडलेली निघाली तर पॅकमॅन या एमसिस२ च्या पॅकेज मॅनेजरच्या कॅशमध्ये (उतरवलेल्या फाइलींच्या साठ्यात) जुनी पॅकेजं पडलेली असतात, तिथून मागे येता येतं. म्हणून कॅश रिकामा करायची घाई करू नका.

एक प्रोग्राम एकाच पॅकेज मॅनेजरकडे (विंडोजवर विंगेट, चॉकोलेटी, स्कूप ही प्रोग्राम बसवणारी आणि अपडेट करणारी साधनं) ठेवा, याबाबत मी आग्रही आहे. विंगेट सिस्टममधल्या इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामांची यादी वाचतं, त्यामुळे चॉकोलेटीने आणलेलं सॉफ्टवेअरही ‘सगळं अपडेट कर’ म्हटल्यावर ते परस्पर बदलू शकतं. मग चॉकोलेटीच्या नोंदीत एक आवृत्ती आणि डिस्कवर दुसरी. जे हलू द्यायचं नाही त्यासाठी विंगेट आणि चॉकोलेटी दोन्हींत ‘पिन’ आहे, स्कूपमध्ये ‘होल्ड’.

आत्ता एवढं करा: साध्या कमांड प्रॉम्प्टमधून ‘व्हेअर’ चालवून जे येईल ते जसंच्या तसं इथे द्या, सोबत सिस्टमचा आणि तुमचा पाथ वेगवेगळा द्या. पत्त्यांत तुमचं खरं नाव असेल तर ते झाकून टाका. पहिल्या ओळीत कुणाचं फोल्डर निघतं ते दिसलं की पाथमधून ते काढायचं की बॅच फाइलवर भागवायचं, हे ठरवू.